दोन याद्या

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.लाही माझे हेच दोन विषय होते. त्यामुळे विज्ञानाच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकायची वेळ माझ्यावर क्वचितच येते. दोन वर्षांपूर्वी विज्ञानाचे सर प्रशिक्षणाला गेले आणि नववीचा प्रात्यक्षिकाचा तास माझ्याकडे आला. मुलांनी लगेच हट्ट धरला, "मॅडम, कपाट उघडा ना." किल्ली शिपाईमामांकडे होती. ती देताना ते म्हणाले, "बघा हं मॅडम, काही फुटलं तर डेडस्टॉक रजिस्टरात लिहावं लागेल. मग साहेब विचारतात."

कपाट उघडले. परीक्षानळ्या, चंचुपात्रे, एक शंकुपात्र, नरसाळी, चिनी मातीची मूस, स्पिरिटचे दिवे. बऱ्याच वस्तू अजून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या होत्या, आणि तो कागद पिवळा पडला होता. वस्तू शाळेत येऊन वर्षे झाली होती, पण त्यांना कुणाचा हात लागला नव्हता. रजिस्टरात मात्र प्रत्येकीची नोंद अगदी चोख होती.

एका मुलीने विचारले, "मॅडम, हे सगळं गोऱ्यांनी शोधलं का?" मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "नाही, जाबिर बिन हय्यानने. अब्बूंच्या मोबाइलवर आलं होतं." तो मेसेज मलाही आला होता. आणि आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर त्याच आठवड्यात दुसरा मेसेज होता, की हे सगळे नागार्जुनाने आधीच शोधून ठेवले होते. मुलीच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे धड उत्तर नव्हते. नंतर वाचत गेले. जे हाती आले ते असे आहे.

सुरुवात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियापासून करावी लागते. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत तिथे धातू, रंग आणि अर्क यांवर काम करणारे ग्रीक भाषिक कारागीर-विचारवंत होते. त्यांच्यात मारिया नावाची एक यहुदी स्त्री होती. तिचे स्वतःचे ग्रंथ उरले नाहीत. इसवी सन ३००च्या सुमारास होऊन गेलेल्या झोसिमोस या लेखकाने तिच्या उपकरणांची वर्णने दिली आहेत, म्हणून ती आपल्याला माहीत आहे. तीन तोट्यांचे ऊर्ध्वपातनाचे भांडे तिच्या नावावर आहे. उकळत्या पाण्यात दुसरे भांडे ठेवून हळूहळू तापवायची पद्धतही तिच्याच नावाशी जोडली जाते. आज प्रयोगशाळेत तिला वॉटर बाथ म्हणतात, आणि फ्रेंच स्वयंपाकघरात ती अजून मारियाच्या नावाने ओळखली जाते. आपण घरी मेण किंवा चॉकलेट वितळवतो ते याच पद्धतीने. उघड्या भांड्यातल्या पाण्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून आतली वस्तू करपत नाही. प्रयोगशाळेतल्या एका मूलभूत साधनाशी एका बाईचे नाव जोडलेले आहे, हे माझ्या वर्गातल्या मुलींना कुणीच सांगितलेले नव्हते.

पुढे अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये ग्रीक, सिरियाक, फार्सी आणि संस्कृत ग्रंथांची अरबीत भाषांतरे झाली. त्यांच्याबरोबर भांडीही आली आणि भांड्यांची नावेही. ग्रीकमध्ये ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या टोपाला 'अंबिक्स' म्हणत. अरबीत त्याचे 'अल-अंबीक' झाले. तोच शब्द लॅटिनमधून युरोपात गेला तो 'अलेंबिक' होऊन, अरबी 'अल' पाठीवर घेऊनच. 'अल-कीमिया', 'अल्कली', 'अल्कोहोल' यांचा प्रवासही तसाच आहे. आता जाबिर. त्यांचा काळ आठव्या शतकातला मानला जातो. त्यांच्या नावावर शेकडो ग्रंथ आहेत, आणि ते सगळे एका माणसाने लिहिले नसावेत, पुढच्या काही पिढ्यांतल्या लेखकांनीही त्यांच्या नावाने लिहिले, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणून "सगळी उपकरणे जाबिरने शोधली" हे वाक्य मी मुलांना सांगत नाही. जाबिरचे मोठेपण त्याने कमी होत नाही. मोठ्या माणसाच्या नावावर न घडलेल्या गोष्टी लिहिणे हा त्याचा मान राखण्याचा मार्ग नव्हे.

सांगायचेच असेल तर मी अबू बक्र राझींबद्दल सांगते. इराणमधल्या रय्य गावी सुमारे ८६५ मध्ये त्यांचा जन्म झाला, मृत्यू सुमारे ९२५ मध्ये. पेशाने हकीम. रय्य आणि बगदाद इथल्या दवाखान्यांचे ते प्रमुख होते. देवी आणि गोवर यांतला फरक स्पष्ट करून सांगणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. पण 'किताब अल-असरार', म्हणजे रहस्यांचे पुस्तक, हा त्यांचा ग्रंथ आपल्या विषयाचा आहे. नाव गूढ आहे, पण आत गूढ फार थोडे. आधी पदार्थांची वर्गवारी, मग उपकरणांची यादी, मग कृती. पाककृतीच्या पुस्तकासारखी मांडणी. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटी ऑफ बंगालने १९२७ मध्ये स्टेपलटन, अझो आणि हिदायत हुसेन यांचा राझींच्या रसायनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ही यादी इंग्रजी वाचणाऱ्यांपर्यंत नीट पोहोचली.

राझींनी उपकरणांचे दोन भाग केले आहेत. पहिला भाग धातू वितळवण्याच्या साधनांचा. त्यात भट्टी, भाता, मूस, पळी, सांडशी, कात्री, हातोडा, कानस. यात 'बूत बर बूत' नावाचे एक साधन आहे. फार्सी येणाऱ्याला नावातच अर्थ कळतो: मुशीवर मूस. वरच्या मुशीच्या बुडाला भोके असतात. धातू वितळून खालच्या मुशीत उतरतो आणि मळी वर राहते. ही सारी हत्यारे सोनार-लोहाराची आहेत. हकीम माणसाने त्यांच्या दुकानात उभे राहून ती पाहिली असणार, हे यादी वाचताना जाणवते.

दुसरा भाग वाचताना मला आमचे कपाट आठवले. त्यात 'कर्आ' आहे, म्हणजे ज्यात द्रव उकळायचा ते पात्र. अरबीत कर्आ म्हणजे भोपळा. युरोपीय लोकांनी त्याला लॅटिन नाव दिले तेही भोपळ्याचेच. आजचा गोल बुडाचा चंबू पाहिला की या नावाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. त्यावर बसणारा तोटीचा टोप म्हणजे 'अंबीक'. आणि तोटीतून येणारे थेंब झेलणारे भांडे म्हणजे 'काबिला'. आपल्या 'कबूल' या शब्दाचे मूळ तेच, स्वीकारणे. अरबीत सुईणीलाही काबिला म्हणतात. जन्मणारे बाळ हातात घेणारी ती काबिला, आणि जन्मणारा अर्क घेणारे भांडेही काबिला. 'अर्क' म्हणजे मुळात घाम. उकळत्या भांड्याच्या टोपावर जमणारे थेंब पाहून कुणीतरी हा शब्द योजला असावा.

यादीत पुढे 'अल-उसाल' आहे. घन पदार्थ तापवल्यावर द्रव न होता थेट वाफ होऊन वर जातो आणि थंड जागी पुन्हा घन होऊन बसतो, त्यासाठीचे हे भांडे. आपण याला संप्लवन म्हणतो. नवसागर आणि मीठ यांचे मिश्रण वेगळे करायचा शाळेतला प्रयोग आठवा. चिनी मातीच्या बशीत मिश्रण, वर पालथे नरसाळे, नरसाळ्याच्या तोंडात कापूस, खाली दिवा. थोड्या वेळाने नरसाळ्याच्या आतल्या बाजूला पांढरा थर जमतो, तो नवसागर. मीठ बशीतच राहते. राझींनी नवसागराला पारा, गंधक आणि हरताळाच्या शेजारी बसवले होते आणि या चौघांना 'रूह' म्हटले होते, कारण आगीवर ठेवले की ते उडून जातात. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात कल्हईवाला यायचा. तापलेल्या भांड्यात तो नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवायचा आणि पांढरा धूर उठायचा. त्या धुराबरोबर तांब्यावरचा मळ जायचा, मग कथील धरायचे. कल्हई हा शब्दही अरबीतूनच आला. तो माणूस शाळेत गेला नसेल, पण नवसागराचा स्वभाव त्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

यादीच्या शेवटाकडे गाळणी, चाळणी, नरसाळे, खल, वाळूची शेगडी, तंदूर अशी साधी साधने येतात. आणि 'कंदील'. हो, आपलाच कंदील. मंद आणि एकसारखी आच हवी असेल तेव्हा भांड्याखाली कंदील ठेवायचा. भट्टीची आच आवरता येत नाही, दिव्याची येते. आमच्या कपाटातला स्पिरिटचा दिवा त्या कंदिलाचाच वारस आहे. उर्दू आणि मराठी येणाऱ्या मुलाला हजार वर्षांपूर्वीच्या अरबी यादीतले कितीतरी शब्द ओळखीचे लागतात: कंदील, तंदूर, कदह, रूह, अर्क. भाषेच्या शिक्षिकेला आणखी काय हवे?

आता शिक्षकांच्या ग्रुपवरचा दुसरा मेसेज. भारतात रसविद्येची स्वतंत्र आणि समृद्ध परंपरा होती, यात शंका नाही. सुमारे तेराव्या-चौदाव्या शतकातल्या 'रसरत्नसमुच्चय' या संस्कृत ग्रंथात रसशाळा कशी असावी आणि तिच्यात कोणती यंत्रे असावीत हे तपशिलाने दिले आहे. दोलायंत्रात औषधाची पुरचुंडी दोरीने भांड्यात लोंबकळती ठेवून शिजवायची. डमरूयंत्रात दोन मडकी तोंडाला तोंड लावून सांधायची. खालच्या मडक्यात हिंगूळ तापवले की पारा उडून वरच्या मडक्यात जमतो. वालुकायंत्रात बाटली वाळूत पुरून तापवायची, म्हणजे आच सगळीकडून सारखी लागते. राझींची वाळूची शेगडी काम करते तेच. मराठी विज्ञानाच्या पुस्तकातला 'ऊर्ध्वपातन' हा शब्द याच रसविद्येच्या परंपरेतला. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ मध्ये दोन खंडांत हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहून ही परंपरा जगापुढे आणली.

मग पहिला कोण? वस्तू आणि शब्द पाहिले तर हा प्रश्नच फोल वाटू लागतो. संस्कृतातला 'टंकण', म्हणजे आपला टंकणखार, फार्सी-अरबीत 'तिनकार' झाला आणि पुढे युरोपीय भाषांत 'टिंकल'. बगदादच्या खलिफांच्या दवाखान्यांत भारतीय वैद्यांचे ग्रंथ भाषांतरित होऊन पोहोचले होते. कनौजचे अत्तरवाले आजही तांब्याच्या 'देग'मध्ये फुले उकळतात, बांबूच्या नळीतून वाफ जाते आणि पाण्यात ठेवलेल्या 'भपक्या'त उतरते. देग फार्सी, भपका देशी, अत्तर अरबी. एकाच भट्टीवर तीन भाषा बसल्या आहेत आणि सुगंध येतोच आहे.

युरोपने या साधनांत काय भर घातली, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण आमच्या कपाटातल्या बहुतेक वस्तूंचे आजचे रूप तिथले आहे. जुन्या अंबिकात वाफ टोपाच्या पृष्ठभागावर जशी थंड होईल तशी होई, बरीच वाया जाई. नळीभोवती दुसरी नळी आणि मधून वाहते थंड पाणी, ही युक्ती जर्मनीच्या वाइगेलने १७७१ मध्ये मांडली. पुढे लीबिगने ती सर्वत्र रूढ केली म्हणून तिला लीबिगचे नाव मिळाले. पाणी खालून आत घ्यायचे आणि वरून बाहेर काढायचे, म्हणजे बाहेरची नळी सतत भरलेली राहते. उलट केले तर ती अर्धवट रिकामी राहते आणि वाफ निसटते.

ब्युरेटचा जन्म कापडाच्या धंद्यात झाला. फ्रान्समधल्या रुआंला कापड विरंजन करणाऱ्या द्रवाची तीव्रता मोजायची होती. जास्त तीव्र द्रव कापड खातो, कमी तीव्र असेल तर डाग राहतात. देक्रोआझीय याने १७९५च्या सुमारास त्यासाठी खुणा केलेली नळी वापरली. ब्युरेट आणि पिपेट ही नावे १८२४ मध्ये गे-ल्युसॅकने रूढ केली. ब्युरेट वाचताना डोळा द्रवाच्या पातळीत ठेवावा लागतो. काचेत पाण्याचा पृष्ठभाग कडेला चढलेला आणि मध्ये खोलगट दिसतो, त्या खोलगटाच्या तळाशी वाचायचे. ब्युरेटखाली ठेवतात ते शंकुपात्र एर्लेनमायरचे, १८६०च्या सुमाराचे. तोंड अरुंद आणि बूड रुंद, म्हणून हाताने गोल फिरवले तरी द्रव उसळून बाहेर येत नाही.

१८५५ मध्ये हायडेलबर्गला बुन्सेनच्या नव्या प्रयोगशाळेत गॅस आला. बुन्सेनची कल्पना आणि देसागा या कारागिराचे हात यांतून नवा बर्नर तयार झाला. खालचे भोक बंद असले की ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी, भोक उघडले की हवा मिसळते आणि ज्योत निळी, जवळजवळ रंगहीन आणि जास्त उष्ण. त्या रंगहीन ज्योतीत क्षार धरले की त्यांचे स्वतःचे रंग दिसत. त्यावरूनच बुन्सेन आणि किरखॉफ यांनी १८६० मध्ये सिझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम शोधले. बुन्सेनने या बर्नरचे पेटंट घेतले नाही.

पण माझ्या मते या सगळ्यांत मोठी गोष्ट कुठल्याही वस्तूची नव्हती. १८२४ मध्ये एकविसाव्या वर्षी लीबिग गीसेन विद्यापीठात शिकवायला लागला. एका जुन्या बराकीत त्याने प्रयोगशाळा थाटली आणि विद्यार्थ्यांच्या हातात भांडी दिली. तोवर बहुतेक ठिकाणी प्राध्यापक प्रयोग करून दाखवत आणि विद्यार्थी बाकावर बसून पाहत. गीसेनला विद्यार्थ्यापुढे पदार्थ ठेवून विचारले जाई, यात काय आहे ते तूच शोध. काही दशकांत तिथे शिकलेले रसायनतज्ज्ञ देशोदेशी पसरले. राझी आणि लीबिग यांच्यात मला इथे नाते दिसते. राझींची यादी ही काम करणाऱ्या हातांसाठी लिहिलेली यादी होती.

आपल्याकडेही हे ओळखणारी माणसे होती. १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला आणि टिळकांनी त्याला पाठबळ दिले. देशी माणसाला काच घडवता यावी म्हणून गरिबाने पैसा दिला. तिकडे हैदराबाद संस्थानात, ज्यात आपला मराठवाडा होता, १९१७ मध्ये भाषांतर विभाग सुरू झाला, आणि उस्मानिया विद्यापीठात विज्ञानही उर्दूतून शिकवता यावे म्हणून शब्द घडवले जाऊ लागले. उर्दूत टेस्ट ट्यूबला 'इम्तिहानी नली' म्हणतात आणि मराठीत 'परीक्षानळी'. दोन्हीकडे परीक्षाच.

त्या दिवशी वर्गात मी परीक्षानळ्या बाहेर काढल्या. तोंड स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे करायचे नाही, चिमट्याने वरच्या टोकाजवळ धरायची, आचेवर सतत हलवत राहायची, एवढे मला पुस्तकातून सांगता आले. पाणी तापवले. पण तापलेली नळी थंड पाण्याखाली धरू नये, हे सांगायला मी विसरले. एका मुलीने धरली आणि ती टचकन तडकली. चूक माझी होती. साधी काच अचानक थंड झाली की बाहेरून आकसते, आतून आकसत नाही आणि फुटते. म्हणूनच जर्मनीत येना इथे ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरॉनयुक्त काच घडवली. १९१५ पासून पायरेक्स या नावाने तशी काच अमेरिकेतही विकली जाऊ लागली. हे मी नंतर वाचले, पण त्या मुलीला ते आधीच कळले होते. आता ती आयुष्यात कधी विसरणार नाही.

मुलगी रडवेली झाली. "मॅडम, रजिस्टरात माझं नाव लिहाल?" मी म्हटले, "नाही, माझं लिहीन." रजिस्टर मागवले. आधीच्या पानांवर 'प्राप्त' आणि 'शिल्लक' हे दोन रकाने वर्षानुवर्षे एकसारखे चालले होते, जितके आले तितकेच शिल्लक. कुणाला वाटेल शाळेने किती जपले. मला मात्र ती पाने वाचून वाईट वाटले. राझींच्या यादीतली एकही मूस, एकही कर्आ आज शिल्लक नाही. वापरून फुटली, झिजली, वितळली. यादी मात्र वाचता येते, आणि तिच्यावरून काम करता येते.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले: "परीक्षानळी १. प्रयोग करताना फुटली." साहेबांनी विचारले, मी सांगितले. ते थोडे नाराज झाले आणि मग सही केली. कपाटाची किल्ली आता विज्ञानाच्या सरांच्या टेबलावर असते. भाषेच्या तासाला आम्ही प्रत्येक वस्तूवर मराठी आणि उर्दू नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. स्पिरिटच्या दिव्यावर कुणीतरी पेन्सिलीने 'कंदील' असे जास्तीचे लिहून ठेवले आहे. मी ते पुसलेले नाही.